अंड्यांचा आकार, पक्ष्यांच्या : मापन व गणिती प्रतिरूपे

पक्ष्याच्या अंड्याची बाह्यरेषा मोजून ती समीकरणात मांडण्याच्या पद्धती. आकाराचे स्थूलमानाने चार प्रकार मानतात : गोल, लंबवर्तुळी, अंडाकृती (एक टोक रुंद, दुसरे निमुळते) आणि शंक्वाकार. घुबड व खंड्या यांची अंडी गोलसर असतात, तर टिटवी व तुतवार यांची चांगलीच निमुळती. या प्रकारांच्या सीमा पुसट असल्याने अभ्यासात नावांपेक्षा आकडे वापरतात.

मापन : व्हर्निअर कॅलिपरने लांबी व कमाल रुंदी घेतात. रुंदीला लांबीने भागून १०० ने गुणले, की आकार-निर्देशांक मिळतो. ५७ मिमी. लांब व ४३ मिमी. रुंद कोंबडीच्या अंड्याचा निर्देशांक सुमारे ७५ येतो. मात्र अंडे किती निमुळते आहे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी बाजूने छायाचित्र घेऊन संगणकावर बाह्यरेषा आखतात. सपाट पृष्ठावर ठेवलेले अंडे निमुळत्या टोकाकडे किंचित कलते आणि वरून काढलेल्या छायाचित्रात लांबी कमी भरते; म्हणून त्याला आधार देऊन अक्ष आडवा ठेवावा लागतो. भारतात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार शिकारीत मोडते. त्यामुळे आकाराच्या अभ्यासात संग्रहालयांतील जुन्या अंड्यांना विशेष महत्त्व आहे.

घनफळ : डोनाल्ड हॉइट यांनी १९७९ मध्ये दिलेले सूत्र सोपे आहे : घनफळ = ०.५१ × लांबी × रुंदीचा वर्ग. वरील अंड्याचे घनफळ त्यानुसार सुमारे ५४ घ. सेंमी. भरते. अचूक लंबवर्तुळी घनासाठी हा गुणक ०.५२४ असतो; टोक निमुळते झाल्याने तो थोडा घटतो. फार टोकदार अंड्यांसाठी वेगळा गुणक काढावा लागतो. उबवताना बाष्प निघून गेल्याने अंड्याचे वजन घटते, पण लांबी-रुंदी तीच राहते. म्हणून अर्धवट उबवलेल्या अंड्याचे मूळ वजनही मापांवरून अजमावता येते.

गणिती प्रतिरूपे : काचतंत्रज्ञ व पक्षिअभ्यासक फ्रँक प्रेस्टन यांनी १९५३ मध्ये लंबवर्तुळाच्या समीकरणात निमुळतेपणा व टोकांचा फुगीरपणा दाखवणारे सहगुणक घातले. व्हॅलेरी नारुशिन, मायकेल रोमानोव्ह आणि डॅरेन ग्रिफिन यांनी २०२१ मध्ये चारही प्रकारांना लागू पडणारे एकच सूत्र मांडले. त्यासाठी चार मापे लागतात : लांबी, कमाल रुंदी, कमाल रुंदीचे मध्यापासूनचे अंतर आणि निमुळत्या टोकापासून पाव लांबीवरील व्यास.

आकाराचे कारण : अंड्याला घाट येतो तो कवचाच्या आतील पटलामुळे. कोंबडीचे अंडे व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्यास कवच विरघळते, अंडे पाणी शोषून थोडे फुगते, पण घाट अंड्याचाच राहतो. मेरी कॅसवेल स्टॉडर्ड, एल. महादेवन व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सुमारे १,४०० जातींची जवळपास ५०,००० अंडी मोजली. पटलाची जाडी सर्वत्र सारखी नसणे आणि त्याच्या आत-बाहेरच्या दाबांतील फरक, एवढ्यावरून सर्व आकार मिळू शकतात, असे त्यांचे प्रतिरूप सांगते. उड्डाणात अधिक सक्षम जातींची अंडी अधिक लांबट किंवा निमुळती असतात, हा संबंधही त्यांना आढळला.

हा संबंध सर्व जातींचा एकत्र विचार केल्यावर दिसतो. एकेका जातीसाठी तो पुरेसा नाही. गिलेमॉट हा सागरी पक्षी घरटे न बांधता कड्याच्या उघड्या कपारीवर एकच टोकदार अंडे घालतो. ते गडगडले तरी स्वतःभोवतीच फिरते आणि खाली पडत नाही, असे पूर्वी मानत. टिम बर्कहेड व सहकाऱ्यांनी तपासले तेव्हा तिरप्या पृष्ठावर अशी अंडी अधिक स्थिर राहतात, म्हणजे मुळात गडगडतच नाहीत, असे आढळले. त्यामुळे आकाराचा अर्थ लावताना मापांच्या जोडीला अंडे कोठे व कसे उबवले जाते, याचीही नोंद घ्यावी लागते.