बाईंनी गाळलेला भाग

आपल्या शाळेत मराठीचा तास असला की खिडकीतून स्वारगेट स्टँडच्या घोषणा ऐकू यायच्या. 'श्यामची आई' वाचताना मधेच "दापोली" असं कानावर पडलं, की बाई पुस्तक खाली ठेवून म्हणायच्या, "बघा, श्यामच्या गावाकडे निघाली गाडी." साने गुरुजींचं पालगड दापोलीजवळ. १९९६ च्या आपल्या दहावीच्या तुकडीतल्या बहुतेकांना गुरुजी माहीत आहेत ते एवढ्यापुरतेच.

दोन वर्षांपूर्वी बाई आजारी होत्या. डॉक्टरांनी आशा सोडलेली. आम्ही तिघी पर्वतीजवळच्या त्यांच्या घरी गेलो. त्यांनी माझा हात धरला आणि सरळ म्हणाल्या, "मला भीती वाटते गं." मी गडबडले. आयुष्यभर कोडमधल्या चुका शोधून दुरुस्त करायची सवय. लगेच म्हटलं, "काही होत नाही बाई, बऱ्या व्हाल." त्यावर म्हणाल्या, "असं नको म्हणूस. नुसती बस." मग थोड्या वेळाने, "गुरुजी मी तुम्हाला अर्धेच शिकवले. आता उरलेले तू वाच."

म्हणून वाचले. पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९. शिकायला पुण्यात, नूतन मराठी विद्यालयात. पुढे न्यू पूना कॉलेजात, म्हणजे आजचं एस. पी.; आपल्या शाळेपासून चालत पंधरा-वीस मिनिटं. १९१७ साली ते इथे शिकत असतानाच आई गेली. शेवटची भेट झाली नाही. पुढे सोळा वर्षांनी नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत, त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढलं. मला आता वाटतं, ते पुस्तक म्हणजे न झालेली ती भेट आहे.

मधली सहा वर्षं, १९२४ ते १९३०, ते अमळनेरला शिक्षक होते. वसतिगृह त्यांच्याकडे. मुलांच्या खोल्या झाडायच्या, कपडे धुवायचे, आजारी मुलाच्या उशाशी बसायचं, आणि रोज मुलांसाठी हाताने 'छात्रालय दैनिक' लिहायचं. रोज! त्या काळचा मास्तर म्हटला की छडी आठवते. या मास्तरांनी मात्र मुलांपुढे डोळे पुसायची लाज बाळगली नाही. त्यामुळे शहाण्या समीक्षकांनी त्यांना रडवे ठरवले. आपल्या घरांतही, विशेषतः मुलग्यांना, "काय साने गुरुजींसारखा रडतोस" असं टोमण्याने म्हटलं गेलंच आहे. पण हा रडवा माणूस वारंवार तुरुंगात गेला. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच लिहून घेतली. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसले आणि ते खुलं करवून उठले. हळवेपणा आणि दुबळेपणा यांची गल्लत आपण का करतो, कोण जाणे.

बाईंनी गाळलेला भाग यापुढचा. गांधीजींच्या खुनाने गुरुजी आतून मोडले. एकवीस दिवसांचं उपोषण केलं. १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. त्याच शेवटच्या काळात पुतणी सुधाला पत्रं लिहिली, ती 'सुंदर पत्रे' या नावाने पुस्तकरूपात आली. पाऊस, फुलं, पाखरं, देशातल्या घडामोडी, सगळं त्यांत आहे. आणि ११ जून १९५० ला मुंबईत त्यांनी स्वतःच्या हाताने आयुष्य संपवलं. वय पन्नास. तीन वर्षांनी अत्र्यांचा 'श्यामची आई' चित्रपट आला, त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, सगळा महाराष्ट्र थिएटरात रडला.

शेवटाचं कारण एका ओळीत सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते धाडस नाही. एवढंच मनात येतं, की अख्ख्या महाराष्ट्राचे डोळे ज्यांनी ओले केले, त्यांच्या उशाशी नुसतं बसायला त्या दिवसांत कोण होतं?

हे मी बाईंना विचारलं. म्हणाल्या, "तेरा वर्षांच्या मुलांना हे कसं सांगू, म्हणून गाळत गेले. पण सांगायला हवं होतं. तुमच्यातलं कुणी गप्प झालं, तर तुम्हाला कळलं असतं." आपल्या तुकडीतली कोण गप्प झाली होती आणि आपल्याला किती उशिरा कळलं, ते इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांना माहीत आहे.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही आळीपाळीने जात होतो. बोलणं कमी होत गेलं, मग मी त्यांना 'सुंदर पत्रे' वाचून दाखवू लागले. मधेच त्या म्हणायच्या, "हळू वाच, गाडी सुटत नाहीये." शेवटच्या शनिवारी एका पत्राच्या अर्ध्यात त्यांना झोप लागली. पान दुमडून मी पुस्तक घरी आणलं. आत आपल्या शाळेच्या ग्रंथालयाचा शिक्का आहे, परत करायची तारीख १९८९ ची. मेळाव्याला येताना घेऊन येते.