एका भांड्याभोवतीचा फॉन्ड्यू

यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी तालुक्यातले मुकुटबन हे माजरी–मुदखेड लोहमार्गावरील गाव. कापसाची शेती, कोळशाच्या खाणी आणि २०२२ साली व्यावसायिक उत्पादन सुरू झालेला सिमेंट कारखाना ही या गावाची ओळख. हिवाळ्यात या परिसरात चार मित्र जमले की शेतात गोवऱ्यांवर रोडगे भाजले जातात, वांग्याची भाजी रटरटते, कोवळ्या ज्वारीचा हुरडा चोळला जातो. एका विस्तवाभोवती बसून जेवण्याची ही रीत विदर्भाला नवी नाही. आल्प्सच्या कुशीतील स्विस कुटुंबे थंडीत हेच घरात, टेबलाभोवती करतात. मध्यभागी मंद आचेवर चीजचे भांडे, हाती लांब काटा आणि काट्याच्या टोकाला पावाचा तुकडा. या पदार्थाचे नाव फॉन्ड्यू.

परदेशवारी करून आलेल्यांनी तो चाखलेला असतो, पण घरी करण्याचा विचार बहुधा चीजच्या किमतीपाशी अडतो. वास्तविक फॉन्ड्यू हा मुळात घरातले चीज आणि शिळा पाव सत्कारणी लावणारा पदार्थ आहे. मुकुटबनसारख्या, आयात मालाच्या दुकानांपासून दूर असलेल्या गावातही तो उत्तम जमू शकतो. खरी कसोटी वेगळीच आहे. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला, तो शाकाहारी असो, मद्य न घेणारा असो वा उष्ट्याचा विचार करणारा, त्याच एका भांड्यातून निःशंकपणे खाता आले पाहिजे.

उगम आणि प्रसार

‘फॉन्द्र’ म्हणजे वितळणे या फ्रेंच क्रियापदावरून फॉन्ड्यू हे नाव आले. वाइनमध्ये चीज शिजवण्याची कृती १६९९ साली झुरिक येथील आना मार्गारेथा गेसनर यांच्या पाककृतींच्या पुस्तकात आढळते. पुढे १८२५ साली ब्रिया-साव्हारँ या फ्रेंच लेखकाने फॉन्ड्यू म्हणून जी कृती दिली, ती मात्र अंडी आणि चीज यांची होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मक्याचे पीठ, म्हणजे आपले कॉर्नफ्लोअर, स्वित्झर्लंडमध्ये मिळू लागले आणि आजचा गुळगुळीत, न फुटणारा फॉन्ड्यू करणे सोपे झाले.

त्याला राष्ट्रीय पदार्थाचा मान मिळवून देण्यात स्विस चीज युनियन या संस्थेचा मोठा वाटा आहे. १९१४ ते १९९९ या काळात स्विस चीजच्या व्यापाराचे नियंत्रण या संस्थेकडे होते. चीजचा खप वाढावा म्हणून १९३०च्या दशकात तिने फॉन्ड्यूचा पद्धतशीर प्रचार केला. १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेतही त्याची लाट आली. महाराष्ट्रात पुण्याच्या एबीसी फार्म्सने निरनिराळ्या प्रकारची चीज बनवली आणि तेथील आवारातील उपाहारगृहामुळे अनेक पुणेकरांना फॉन्ड्यूची पहिली ओळख झाली.

चीज वितळते, की फुटते?

चीजमध्ये केसिन या प्रथिनांचे जाळे असते. कॅल्शियम ते जाळे बांधून ठेवते आणि स्निग्धांश त्यात अडकलेला असतो. चीज नुसते तापवले तर जाळे आकसते, तूप वेगळे होते आणि तळाशी रबरासारखा गोळा उरतो. हे टाळण्यासाठी स्विस गृहिणी दोन गोष्टींचा आधार घेतात. पहिली आंबट वाइन : तिच्यातील आम्ल कॅल्शियमला धरून ठेवते, त्यामुळे प्रथिने सैल होऊन द्रवात मिसळतात. दुसरी कॉर्नफ्लोअर : त्यातील पिष्टमय कण प्रथिनांना पुन्हा एकत्र येऊ देत नाहीत. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली फॉन्ड्यूच्या प्रवाहीपणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मिश्रण फुटू नये यासाठी त्यात किमान तीन टक्के स्टार्च हवे, असे त्यांना आढळले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा दुवा पुढेच आहे. १९११ साली स्वित्झर्लंडमधील थून येथे वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी एमेन्टाल चीजमध्ये सोडियम सायट्रेट घालून ते वितळवले आणि टिकाऊ ‘प्रोसेस्ड चीज’ तयार केले. वाइनमधील आम्ल जे काम करते, तेच येथे सायट्रेटने केले. किराणा दुकानातल्या फ्रिजमधील साधी प्रोसेस्ड चीजची वडी ही अशी फॉन्ड्यूचीच नातलग आहे. न फुटता वितळण्याचा गुण तिच्या अंगी उपजतच असतो. नवख्याने तिच्यापासूनच सुरुवात करणे शहाणपणाचे.

चीजची निवड

स्वित्झर्लंडमध्ये निम्मे ग्रुयेर आणि निम्मे व्हाशरँ फ्रिबुर्जुआ, किंवा ग्रुयेर आणि एमेन्टाल अशी जोडी वापरली जाते. अस्सल ग्रुयेरसाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरतात, त्यामुळे काटेकोर शाकाहारी व्यक्तीला ते चालत नाही. भारतात बनणाऱ्या व हिरवा ठिपका असलेल्या चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट असते. पाहुण्यांत एक जरी शाकाहारी असेल तरी वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहूनच चीज घ्यावे, कारण भांडे एकच आहे.

प्रोसेस्ड चीज गुळगुळीत होते, पण त्याची चव सपाट असते. तिला धार यावी म्हणून त्यात एक तृतीयांश मुरलेले चेडार किंवा गौडा मिसळावे. पुणे जिल्ह्यातील मंचरसह महाराष्ट्रातही आता चीजचे मोठे उत्पादन होते, त्यामुळे नागपूर-यवतमाळच्या मोठ्या दुकानांत हे प्रकार मिळू शकतात. न मिळाल्यास सगळे प्रोसेस्ड चीज वापरूनही काम भागते. पिझ्झाचे मोझरेला मात्र जास्त घालू नये. त्याच्या तारा सुटतात आणि काटा भांड्याबाहेर येता येत नाही. पनीर तर अजिबात नको. आम्लाने फाडलेल्या दुधातून कॅल्शियम आधीच निघून गेलेले असते, म्हणून पनीर कितीही तापवले तरी वितळत नाही.

साहित्य (सहा जणांसाठी)

- प्रोसेस्ड चीज : ४०० ग्रॅम
- मुरलेले चेडार किंवा गौडा : २०० ग्रॅम
- पाणी, किंवा बटाटे-भाज्या उकडलेले पाणी : ३५० मिलिलिटर
- कॉर्नफ्लोअर : २ टेबलस्पून (सगळे नैसर्गिक चीज असल्यास ३)
- लिंबाचा रस : १ टीस्पून (सगळे नैसर्गिक चीज असल्यास ३)
- लसूण : १ मोठी पाकळी
- ताजी मिरपूड आणि किसलेले जायफळ : चवीपुरते

स्विस घरांत माणशी सुमारे २०० ग्रॅम चीज धरतात, कारण तेथे ते पूर्ण जेवण असते. आपल्याकडे सोबत इतर पदार्थ असतात, म्हणून १०० ग्रॅम पुरते. मीठ वेगळे घालू नये. प्रोसेस्ड चीज मुळातच खारट असते आणि रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनी ते बेतानेच खावे.

कृती

चीज किसून घ्यावे आणि कोरड्या किसाला कॉर्नफ्लोअर हलक्या हाताने चोळावे. जाड बुडाच्या पातेल्याला आतून लसणाची पाकळी घासावी. स्वित्झर्लंडमध्ये यासाठी ‘काक्लों’ हे मातीचे वा बिडाचे पसरट भांडे असते. घरचे बिडाचे भांडे तितकेच चांगले. पाण्यात लिंबाचा रस घालून ते पातेल्यात तापवावे. वाफ येऊ लागली, पण उकळी फुटलेली नाही, अशा वेळी आच अगदी मंद करावी.

आता मूठभर कीस घालावा आणि लाकडी चमच्याने इंग्रजी आठच्या आकड्यासारखे ढवळावे. नुसते गोल ढवळल्याने मधला भाग स्थिर राहतो आणि तळाला लागतो. पहिली मूठ पूर्ण विरघळल्यावरच दुसरी घालावी. या टप्प्यावर केलेली घाई हे फॉन्ड्यू बिघडण्याचे पहिले कारण असते. सर्व कीस संपल्यावर दोन-तीन मिनिटे ढवळत राहावे, म्हणजे कॉर्नफ्लोअर शिजते. शेवटी मिरपूड आणि जायफळ. पुरणपोळीसाठी डब्यात ठेवलेले जायफळ येथे नेमके उपयोगी पडते. चमचा उचलल्यावर मिश्रण सलग धारेने पडावे आणि चमच्याच्या पाठीवर त्याचा थर राहावा.

बिघडल्यास

मिश्रण फार घट्ट झाले तर कडकडीत गरम पाणी चमच्या-चमच्याने घालावे; थंड पाणी कधीही नाही. पातळ राहिले तर आणखी थोडे चीज घालावे. तूप सुटून गोळा होऊ लागला तर भांडे आचेवरून उतरवावे, एक टीस्पून कॉर्नफ्लोअर तितक्याच लिंबाच्या रसात आणि थोड्या पाण्यात कालवून घालावे व मंद आचेवर जोराने ढवळावे. बहुतेक वेळा मिश्रण पुन्हा जुळून येते.

बुडवायला काय?

ताजा पाव भांड्यात गळून पडतो, म्हणून आदल्या दिवशीचा घ्यावा आणि प्रत्येक तुकड्याला कडेचा कडक भाग राहील असा इंचभर कापावा. काटा मऊ भागातून घालून कडेत रुतवावा. विदर्भातील रोडगा या कामी पावाइतकाच योग्य ठरतो. कडक कवच आणि घट्ट गर असल्याने त्याचा तुकडा सहसा सुटत नाही. भाकरी मात्र मोडते. याशिवाय उकडलेले छोटे बटाटे, वाफवलेले फ्लॉवरचे तुरे, गाजर, परतलेले मशरूम, सफरचंदाच्या फोडी ठेवाव्यात. स्निग्धपणा कापण्यासाठी स्विस लोक सिरक्यातील काकडी आणि कांदे खातात. आपल्याकडे सिरक्यातील कांदा किंवा लिंबाचे उपवासाचे लोणचे तेच काम करते. शेवटी गोडाऐवजी संत्री द्यावीत. हिवाळ्यात ती विदर्भात मुबलक असतात.

उष्ट्याचा प्रश्न

मराठी घरात फॉन्ड्यू मांडला की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो रास्त आहे. एकाच भांड्यात सहा जणांनी तोंडात घातलेले काटे बुडवायचे, हे अनेकांना रुचणार नाही. त्याचे उत्तर फॉन्ड्यूच्या शिष्टाचारातच आहे. लांब काटा केवळ बुडवण्यासाठी असतो. तुकडा बाहेर काढून क्षणभर निथळू द्यावा, आपल्या ताटलीत उतरवावा आणि दुसऱ्या, साध्या काट्याने खावा. यजमानाने प्रत्येकासमोर दोन काटे मांडले आणि पहिला घास स्वतः असा घेऊन दाखवला, तर कोणाला काही सांगावे लागत नाही. लांब काटे नसल्यास बांबूच्या काड्या चालतात. आजारी किंवा सर्दी झालेल्या पाहुण्याला वेगळ्या गरम वाटीत वाढण्यात काही कमीपणा नाही.

तुकडा भांड्यात पडला तर दंड, ही फॉन्ड्यूची जुनी गंमत आहे. स्वित्झर्लंडमध्ये पुढची बाटली आणण्यापासून शेजाऱ्याचा मुका घेण्यापर्यंत अनेक दंड प्रचलित आहेत. मराठी मैफलीत उखाणा किंवा अंताक्षरीचे गाणे हा दंड अधिक शोभतो आणि त्यात मुलांपासून आजीपर्यंत सगळे सामील होतात.

विस्तवाची काळजी

टेबलावर विस्तव ठेवायचा, तेव्हा गंमत बाजूला ठेवून काही नियम पाळावेत. स्पिरिटचा दिवा जळत असताना त्यात कधीही स्पिरिट ओतू नये. तो पूर्ण विझून थंड झाल्यावरच भरावा. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवू नये. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वास न येता घात करतो. शेगडी हवीच असेल तर बैठक अंगणात घालावी. घरात सर्वांत निर्धोक म्हणजे सर्वांत कमी आचेवरील इंडक्शन शेगडी. मुले असतील तर तिची वायर भिंतीच्या बाजूने न्यावी, कारण पायात अडकून भांडे कलंडले तर चिकट गरम चीज कातडीला धरून राहते आणि खोल भाजते.

सोबत काय प्यावे?

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ ते २०२१ या काळात होती. यवतमाळमध्ये बंदी नसली तरी घरातल्या बैठकीत मद्य नको असणाऱ्यांची संख्या मोठी असते. वर दिलेल्या कृतीत वाइनचे काम लिंबू आणि प्रोसेस्ड चीजमधील क्षार करतात, त्यामुळे ती वगळल्याने पदार्थाचे काही अडत नाही. सोबत वाइन प्यावी की काळा चहा, हा स्वित्झर्लंडमधील जुना वाद. झुरिकच्या डॉक्टरांनी २० निरोगी व्यक्तींवर केलेली चाचणी २०१०च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. मद्यामुळे जठर रिकामे होण्यास अधिक वेळ लागतो, मात्र अपचनाच्या तक्रारींत लक्षणीय फरक पडत नाही, असे तीत दिसले. रात्री हलके वाटावे असे ज्यांना वाटते, त्यांनी बिनदुधाचा गरम चहा घ्यावा.

शेवटची खरवड

भांडे रिकामे होत आले की तळाशी चीजचा खरपूस, तांबूस थर उरतो. स्विस लोक त्याला ‘रेलिजियज’ म्हणजे जोगीण म्हणतात आणि तो सर्वांत चविष्ट भाग मानला जातो. मराठी स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्याच्या खरवडीवर जशी मुलांची नजर असते, तशीच येथे मोठ्यांची. आच बंद करून उलथन्याने हा थर सोडवावा आणि जितकी माणसे तितके वाटे करावेत. उरलेला फॉन्ड्यू फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पावावर पसरून तव्यावर भाजता येतो. भांडे मात्र आधी थंड पाण्यात भिजवावे. गरम पाण्याने चीज अधिकच चिकटते.