जॅक कुठे लावायचा? जीपच्या अंगावरच्या अवजारांची गोष्ट

आजचा एपिसोड एका लोखंडी दांड्याबद्दल आहे. चार फूट लांब, साधारण 13 किलो वजन, लाल रंगाचा. भारी जीपवाल्यांच्या रील्समध्ये बोनेटवर नाहीतर मागच्या बंपरवर दिसतो ना, तोच. फार्म जॅक म्हणतात त्याला. तो गाडीवर नेमका कुठे लावायचा, एवढाच आजचा प्रश्न. तुम्ही म्हणाल, हा काय इतिहासाचा विषय आहे का? मलाही आधी नव्हता वाटत. पण हा जॅक मी स्वतःच्या हाताने चुकीच्या जागी बसवला आणि त्यापायी माझ्या मामाच्या हनुवटीला सात टाके पडले. आपण ती जागा का निवडली, हे शोधत गेलो तेव्हा थेट 1940 पर्यंत जाऊन पोचलो.

सुरुवात तिथूनच करू. अमेरिकन सैन्याला एक छोटी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी होती. पहिली अट वजनाची होती, 1,300 पाउंड, म्हणजे 590 किलोच्या आसपास. एवढ्यात गाडी होणं शक्यच नव्हतं. मग मर्यादा वाढवून 2,160 पाउंड केली, सुमारे 980 किलो. विलीज कंपनीचा मुख्य इंजिनिअर होता बार्नी रूस. त्याची गाडी जड भरत होती. त्याने म्हणे बोल्टांची जास्तीची लांबीसुद्धा कापली आणि रंगाचा दुसरा हात द्यायचं टाळलं. आपण ॲपची साइज कमी करायला एकेक लायब्ररी काढतो ना, तसलाच प्रकार.

आता गंमत बघा. जिथे रंगाचंही वजन मोजलं जात होतं, तिथे त्या जीपच्या डाव्या अंगाला, ड्रायव्हरच्या बाजूला, बाहेरून एक फावडं आणि एक कुऱ्हाड पट्ट्याने बांधलेली होती. सुटं चाक मागे बाहेर, आणि पुढे पेट्रोलचा कॅनही मागेच बाहेर आला. पाना-पक्कडसारख्या बारीक अवजारांसाठी मात्र मागच्या दोन कोपऱ्यांत झाकणाच्या पेट्या होत्या. ही विभागणी नीट लक्षात घ्या. फावड्याला चिखल लागला तर काही बिघडत नाही, कारण त्यात हलणारं काहीच नाही. ते बाहेर. ज्याला धुळीचा त्रास होतो ते झाकणाखाली. आणि जे बाहेर आहे ते कमरेच्या उंचीला, म्हणजे गाडी तिरकी रुतली तरी खाली उभं राहून हात पोचतो. विलीज आणि फोर्डने मिळून युद्धाच्या काळात अशा सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या.

ही गाडी आपल्याकडे आली मुंबईच्या माझगावमधून. के. सी. महिंद्रा युद्धकाळात वॉशिंग्टनला इंडिया सप्लाय मिशनचं काम बघत होते. 1945 मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, पुढे तिथले गव्हर्नर जनरल झाले, आणि इकडे 1948 मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. 1949 मध्ये माझगावला सुटे भाग जोडून विलीजच्या जीपा तयार व्हायला लागल्या. 2 ऑक्टोबर 1952 ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि जीप खेड्यात शिरली. आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही कुठल्याही जीपला 'बीडीओची गाडी' म्हणतात, मग ती दुधाचे कॅन का वाहत असेना.

मामाची एमएम 540 ही त्याच घराण्यातली. सेकंडहँड घेतलेली, ताडपत्रीचं छत, मागे समोरासमोर दोन बाकडी. शेलूबाजारच्या बाजाराच्या दिवशी त्या बाकड्यांवर किती माणसं बसायची हे आरटीओला न सांगितलेलंच बरं.

आता जॅककडे येतो. फार्म जॅक हा मुळात ऑफ-रोडिंगचा नाहीच. अमेरिकेत इंडियाना राज्यात ब्लूमफील्ड नावाचं गाव आहे, तिथे 1905 पासून हाय-लिफ्ट जॅक बनतो, आणि तो शेतकऱ्यांसाठी होता. कुंपणाचे खांब उपटायचे, गाड्याचं चाक उचलायचं, तार ताणायची. वापर झाला की गोठ्यात भिंतीला टेकवून ठेवायचा. गाडीवर कुठे लावायचा हा प्रश्नच नव्हता. सहलीसाठी, रेससाठी लोक जीपा घेऊन वाळवंटात आणि डोंगरात जायला लागले, तेव्हा हा गोठ्यातला जॅक गाडीवर चढला. आतमध्ये चार फुटांची वस्तू मावत नव्हती, म्हणून बाहेर. मग त्याचे फोटो आले. फोटोत बोनेटवर आडवा जॅक भन्नाट दिसतो, हे मान्यच करावं लागेल. कॉलेजात असताना माझ्या लॅपटॉपचा वॉलपेपर तोच होता.

पण ते फोटो होते कोरड्या मुलुखातले. यूटाचे लाल खडक, ऑस्ट्रेलियाची वाळू. हे मला तेव्हा सुचलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी हा जॅक ऑनलाइन मागवला. मामाला वाढदिवसाची भेट. शनिवार-रविवार गावी आलो आणि इंजिनिअर असल्याने अर्थातच आधी गणित मांडलं.

छत: सगळे म्हणतात वर वजन ठेवू नका, गाडी उलटते. मी आकडा काढला. दीड टनाची गाडी धरा, तिच्या गुरुत्वमध्यापासून छत 1.1 मीटर वर. तिथे 13 किलो ठेवले तर गुरुत्वमध्य साडेनऊ मिलिमीटर वर जातो. तेवढ्याने काही गाडी उलटत नाही. एकट्या जॅकचं भय उगाच आहे, त्याच्यासोबत तंबू, कॅन, सुटं चाक सगळंच वर गेलं तर गोष्ट वेगळी. छताला खरा नकार दुसऱ्याच कारणाने द्यावा. गाडी तिरकी रुतलेली, पायात चप्पल, पाऊस चालू, आणि तुम्ही टायरवर चढून डोक्यावरून 13 किलोचं लोखंड ओढताय. करून बघा एकदा अंगणात.

बोनेट: समोरचं दिसायला अडथळा, इंजिनची थरथर सतत क्लॅम्पला, आणि क्लॅम्प सुटला तर तो दांडा एकतर आपल्या काचेवर नाहीतर मागच्याच्या. शेलूबाजारला समृद्धीचा इंटरचेंज आहे. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा उघडला तेव्हापासून 120 चा वेग आमच्या उंबऱ्यावर आला. त्या वेगात बोनेटवरचा जॅक मला नको.

पुढचा बंपर: त्यासाठी आधी जाड लोखंडी बंपर लागतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र पाठवून बुलबार, क्रॅशगार्ड हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाहीत असं कळवलं. रस्त्यावरच्या चालत्या माणसाचा विचार केला तर बरोबरच आहे ते.

आतमध्ये: जागा खातो. आणि सुटा ठेवला तर घातक. 80 च्या वेगाने गाडी ठोकली तर आतला सुटा जॅक ज्या जोराने पुढे येतो, तो 25 मीटरवरून खाली पडलेल्या जॅकइतका असतो. आठ मजले. 120 ला हाच आकडा 57 मीटर होतो.

राहिला मागचा बंपर. सुट्या चाकाच्या खाली, आडवा. वजन खाली, हात पोचतो, काचेला धोका नाही, जागा जात नाही. चारही टेस्ट केस पास. मी दोन ब्रॅकेट ड्रिल करून बसवले, फोटो काढला, स्टेटसला टाकला.

मामा कमरेवर हात ठेवून बघत होते. म्हणाले, "हे मांगं कायले लटकवलं बे? सारा गारा उडते ना तिथं."

मी म्हटलं, "मामा, लोखंड आहे. काही होत नाही त्याला."

इथे जरा थांबून जॅकच्या पोटात काय असतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. उभ्या दांड्याला ओळीने भोकं असतात. जॅकमध्ये दोन पिना, दोन्हींना स्प्रिंग. एक पिन भोकात बसून सगळं वजन पेलते, तेवढ्यात दुसरी एक भोक पुढे सरकते, मग अदलाबदल. वर जाताना तसंच, खाली येतानाही तसंच. म्हणजे कुठल्याही क्षणी एक पिन पूर्ण आत असलीच पाहिजे. खाली उतरवताना हँडल हातात घट्ट लागतं, कारण प्रत्येक टप्प्यावर गाडीचं वजन त्या हँडलला वर ढकलत असतं. पिन अर्धीच बसली तर हँडल सुटतं आणि दांड्याकडे उसळतं. मध्ये जे येईल त्याला लागतं.

जुलैचा महिना. पेरण्या होऊन गेलेल्या, रात्री साडेनऊची वेळ, शेतातून परत येताना पांदणीत मागचं डावं चाक गेलं. आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते आणि साबणासारखी होते. जॅक काढला. महिनाभर मागच्या टायरने त्याच्यावर चिखल फेकलेला, तो वाळून पुन्हा ओला झालेला. मोबाईलच्या उजेडात मी वरवर पुसला.

पहिली अडचण जॅकच्या पायाची. त्याचा पाया जेमतेम 28 चौरस इंच, 180 चौरस सेंटीमीटर. त्यावर 600-700 किलो आले की चौरस सेंटीमीटरला पावणेचार किलो दाब पडतो. गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली गेला. मामांनी बांधावरून एक चपटा दगड आणला, त्यावर जॅक उभा केला, चाक वर आलं, मी खाली दगड-पऱ्हाट्या भरल्या. इथपर्यंत सगळं छान. मग उतरवायला खटका फिरवला. हँडल मामांच्या हातात. तिसऱ्या टप्प्याला पिन अर्धीच आत गेली.

आवाज आठवतो. मामा खाली बसले आणि हनुवटीला रुमाल लावून एवढंच म्हणाले, "गाडी पाय आधी, कलंडली तं नाई?"

सात टाके, खालचे दोन दात गेले. थोडं वर लागलं असतं तर डोळा होता.

दुसऱ्या दिवशी मी जॅक खोलून रॉकेलने धुतला. स्प्रिंगच्या घरात काळी माती विटेसारखी घट्ट बसली होती. मी ग्रीस लावून बसवला होता, त्या ग्रीसने ती आणखी धरून ठेवली. या जॅकला हलकं तेल लागतं, ग्रीस नाही, हे सोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं. वाचतं कोण?

मला सगळ्यात लागलं ते हे की उत्तर घरातच होतं. आजोबांच्या बंडीला ओंगणाचं नळकांडं खाली आसाजवळ लटकवलेलं असायचं. बाहेर, खाली, न वाकता हात पोचेल असं. पण त्याच्या तोंडात कायम चिंधीचा बोळा. लहानपणी मी तो बोळा काढून खेळायचो आणि फटके खायचो, कारण ओंगणात धूळ गेली की तेच आस खातं. युद्धकाळातल्या जीपमध्ये फावडं बाहेर आणि बारीक अवजारं झाकणाखाली ठेवणाऱ्याला जे कळलं होतं, ते आजोबांना चिंधीत कळलं होतं. मी जॅककडे फावडं समजून बघत होतो. तो खरं तर यंत्र आहे.

आता कुणी म्हणेल, गोव्यात 2014 पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज होते, तिथे तर चिखलच चिखल, आणि गाड्यांच्या अंगावर अवजारं बाहेरच असतात. असतात. पण तिथे आदल्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी गाडीची एकेक गोष्ट धुऊन तपासणारी माणसं असतात. मामांची जीप दिवाळीच्या आधी धुतली जाते.

तर सध्याची जागा सांगतो. एमएमच्या मागच्या उजव्या बाकड्याखाली, लांबीत, चाकाच्या उंचवट्याला लागून. दोन जागी बोल्ट आणि पंखाच्या नटांनी आवळलेला, म्हणजे पाना न शोधता हाताने सुटतो. वजन मागच्या आसाच्या जवळ. जॅकच्या तोंडावर, पिनांच्या जागी, जुन्या ट्यूबचा तुकडा ओढून बसवलाय. हँडल दांड्याला पट्ट्याने बांधलंय, नाहीतर पांदणीत घंटा वाजत राहते. मागचं फाळकं पाडलं की जमिनीवर उभं राहून निघतो. एक तोटा आहे, मागे पोती भरली की आधी दोन पोती खाली घ्यावी लागतात. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मागच्या बंपरची ती जागा वाया नाही गेली. तिथे त्याच ब्रॅकेटवर बाभळीची फळी बांधली आहे, दीड फूट बाय एक फूट. तिच्यावर जॅक ठेवला की दाब चौरस सेंटीमीटरला अर्ध्या किलोवर येतो. फळीला चिखल लागला तरी ती फळीच राहते.

नव्या गाड्या असणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. बंपर प्लास्टिकचा असेल तर फार्म जॅकला पकडायला जागाच नाही. आधी मॅन्युअलमध्ये उचलायच्या जागा बघा, मग ब्रॅकेट विकत घ्या. नाहीतर 13 किलोची शोभेची वस्तू फिरवत बसाल.

मामांची हनुवटी बरी आहे. नवे दात बसवलेत, भाकरी चावते म्हणतात. या जुलैत पुन्हा एकदा चाक रुतलं तेव्हा जॅक मीच चालवत होतो, डोकं बाजूला, दोन्ही हात हँडलवर. मामा पाच हातांवर उभे होते.

"अजून मांगं सरका," मी म्हटलं.

ते सरकले. मग म्हणाले, "टूब काढली का पयले?"