वाऱ्यावर निवणारें यंत्र

‘कूलर’ या शब्दाचे महाराष्ट्रांत आतां दोन अर्थ झाले आहेत. नागपूर-अकोल्याकडे कूलर म्हणजे खिडकीला टेंकवून ठेवलेली पत्र्याची पेटी. तिच्या जाळ्या ओल्या ठेवतात, आंतला पंखा त्या ओलाव्यांतून हवा ओढतो, आणि भर वैशाखांतहि खोली गार होते. दुसरा कूलर मुठींत मावेल एवढा, तांब्या-अ‍ॅल्युमिनियमचा. तो संगणकाच्या पेटींत प्रोसेसर नांवाच्या चौकोनी चकतीवर घट्ट बसविलेला असतो आणि तिला फार तापूं देत नाहीं.

महाड-पोलादपूरच्या मुलखांत पहिल्या कूलरचा फारसा उपयोग होत नाहीं. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा पट्टा उन्हाळ्यांत तापतो खरा. परंतु सावित्रीच्या खोऱ्यांत बाणकोटच्या खाडीकडून दमट हवा येत राहते. दमट हवेंत पाणी लवकर सुकत नाहीं, आणि पाणी सुकल्यावांचून गारवा येत नाहीं. माठांतलें पाणी नागपुरास जितकें थंड होतें तितकें महाडास होत नाहीं, तें याच कारणानें. दुसरा कूलर मात्र येथें हवाच. आणि मौज अशी कीं, त्याच्या पोटांत चाललेलें काम पहिल्याचेंच आहे. पाण्याची वाफ करावयाची आणि तिच्याबरोबर उष्णता दूर न्यावयाची. दमट हवेंत जें उघड्यावर साधत नाहीं तें बंद नळींत कसें साधलें, त्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे. शिवाय महाडकराला लहान संगणक घ्यावयाचा असेल तर तिचा उपयोगहि आहे.

विजेवर चालणारें गणनयंत्र जेवढी वीज घेतें तेवढी जवळजवळ सारी शेवटीं उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकतें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेला संगणक १९६० सालीं पूर्णपणें कामाला लागला. पुढें १९६२ सालीं त्याला ‘टिफ्रॅक’ हें नांव मिळालें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि प्रत्येक नळींत एक लहानशी तार तापून लाल झालेली असे. अशा यंत्रापुढें एकेका नळीला गार करण्याचा प्रश्नच नव्हता. खोलीच गार करावी लागे. मोठ्या यंत्रांची ही रीत पुढेंहि राहिली. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ सिद्ध केला आणि २००७ सालीं पुण्यांतच टाटांचा ‘एक’ हा महासंगणक जगांत चौथा ठरला. अशा यंत्रांसाठीं दालन गार ठेवण्याचा खर्च गृहीत धरूनच हिशेब करतात. ज्याला ही सोय परवडत नाहीं त्यानें काय करावें, हा प्रश्न संगणक दुकानांत व घरांत आला तेव्हां उभा राहिला.

आरंभीं तो तितकासा जाचक नव्हता. इंटेल कंपनीचा ८०४८६ हा प्रोसेसर १९८९ सालीं निघाला. त्याच्या पहिल्या प्रतींवर पुष्कळदां कांहींच बसवीत नसत. १९९३ च्या पेंटियमबरोबर पंखा आला. २००४ सालापर्यंत याच कंपनीचे कांहीं प्रोसेसर १०० वॅटच्या पुढें गेले, आणि त्यांच्या मागून यावयाचा ‘तेजस’ नांवाचा प्रोसेसर कंपनीनें त्याच वर्षीं सोडून दिला; उष्णता हें त्याचें एक मोठें कारण होतें. १०० वॅट म्हणजे किती, तें जुन्या तारेच्या दिव्याला चुकून हात लावलेल्यास सांगावयास नको. त्या दिव्याचा कांचेचा गोळा निदान मोठा होता. येथें तेवढीच उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यांतून बाहेर पडावयाची.

एवढ्याशा जागेंतून उष्णता उचलून ती रुंद पत्र्यांवर पसरावी कशी? तांब्याचा भरीव दांडा हें काम करतो, पण पुरेसें नाहीं. येथें जुनी वाफेची युक्ति कामास आली. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील पर्किन्स घराण्यानें पावाच्या भट्ट्यांसाठीं पाणी घालून तोंडें बंद केलेल्या लोखंडी नळ्या वापरल्या होत्या. अमेरिकेंतील जनरल मोटर्सचे रिचर्ड गॉगलर यांनीं १९४२ सालीं शीतपेटीसाठीं, आंत वात असलेल्या नळीच्या पेटंटचा अर्ज केला. तें १९४४ सालीं मिळालें. पुढें १९६३ सालीं लॉस अ‍ॅलॅमॉस येथें जॉर्ज ग्रोव्हर यांनीं तीच कल्पना स्वतंत्रपणें शोधून काढली, ती अंतराळांतील वीजयंत्रांसाठीं. तेथें वजन नसल्यामुळें पाणी आपोआप खालीं ओघळत नाहीं. वातच त्याला परत आणते. हीट-पाईप हें नांव रूढ झालें तें यानंतर.

श्रोत्यांपैकीं जे पोलादपुराहून आंबेनळी घाटानें महाबळेश्वरास जाऊन राहिले असतील त्यांना ठाऊक असेल कीं, तेथें उघड्या भांड्यांत डाळ शिजावयास वेळ लागतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३७० मीटर उंच. तेथें हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० ऐवजीं ९५ अंशांच्या आसपासच उकळतें. दाब असाच कमी करीत नेला आणि तो नेहमींच्या चोविसाव्या हिश्श्यावर आणला, तर पाणी ३० अंशांवर उकळूं लागतें. हीट-पाईपांत तेंच केलेलें असतें. तांब्याची नळी, आंत थोडेंसें पाणी, हवा काढून घेतलेली, दोन्ही तोंडें बंद. नळीचें एक टोंक प्रोसेसरवर तापतें, तेथें पाण्याची वाफ होते. ती गार टोंकाकडे धांवते, तेथें पुन्हां पाणी होते, आणि दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें तें पाणी नळीच्या आंतील तांब्याच्या बारीक कणांच्या थरांतून मागें येतें. एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना ५४० कॅलरींच्या आसपास उष्णता खपते, म्हणून इतकें थोडें पाणी पुरतें. बाहेरच्या दमटपणाला या नळींत प्रवेशच नाहीं. नागपूरच्या कूलरला महाडांत जें जमत नाहीं तें या नळीला आषाढांतहि जमतें.

परंतु नळी उष्णता फक्त वाहते. ती नाहींशी करीत नाहीं. नळीच्या गार टोंकाला ओवलेले अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि त्यांवरील पंखा ती उष्णता शेवटीं महाडच्याच हवेच्या स्वाधीन करतात. येथें खरेदीदार बहुधा फसतो. कूलरच्या कसोट्या साधारण २०-२२ अंशांच्या खोलींत घेतलेल्या असतात. तेथें प्रोसेसर ७५ अंशांवर राहिला, तर तो खोलीपेक्षां ५३ अंशांनीं वर आहे, एवढेंच त्यांतून घ्यावयाचें. मे महिन्यांत महाडच्या पत्र्याखालील खोली ३६ अंशांवर असेल तर तोच कूलर त्याच कामांत प्रोसेसरला ९० अंशांच्या जवळ नेणार. आणि ९५ ते १०० अंशांवर बहुतेक प्रोसेसर स्वतःचा वेग आपण होऊन कमी करतात. यंत्र बंद पडत नाहीं, म्हणून मालकाला कळत नाहीं. हिशेबाचें पान उघडावयास उशीर लागतो इतकेंच तो पाहतो आणि दोष भलत्यालाच देतो.

मग एवढी अडचण असतां लहानच यंत्र घ्यावें कां? पुणें-मुंबईच्या मनुष्यास जागेची अडचण असते. महाडास आणखी एक कारण आहे. गांव सावित्री व गांधारी यांच्या संगमाशीं वसलेलें, आणि खाडीला भरती असली कीं पुराचें पाणी लवकर ओसरत नाहीं. २००५ च्या जुलैंत पूर आला, दासगांव-जुई येथें दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजीं पुन्हां पेठ बुडाली, त्याच दिवशीं तळिये गांवावर डोंगर आला. वर महाबळेश्वरास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा रात्रीं तळमजल्यावरील दुकानदाराच्या हातीं फार तर घटका-दोन घटका असतात, आणि त्यांत माणसें आधीं, मग धान्य, मग वह्या. दहा-बारा किलोची मोठी पेटी तारा सोडवून माळ्यावर नेणें त्या गडबडींत होत नाहीं. लहान यंत्र एका हाताखालीं धरून जिना चढतां येतो. त्या पेटींत गिऱ्हाइकांच्या उधारीचा, पेढीचा, शाळेचा सारा हिशेब असतो. महाडकराला लहान संगणकाची हौस नसून गरज आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.

लहान पेट्यांचा इतिहास फार जुना नाहीं. तैवानच्या व्हिया कंपनीनें २००१ सालीं १७ सेंटिमीटर चौरस असा मदरबोर्डाचा नमुना घालून दिला, तोच ‘मिनी-आयटीएक्स’. तैवानच्याच शटल कंपनीनें त्या सुमारास ठोकळ्यासारख्या पेट्या विकल्या आणि त्यांत हीट-पाईपनें उष्णता मागच्या पंख्यापर्यंत नेली. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीनें २०१२ च्या सुमारास अवघा ३७ मिलिमीटर उंचीचा ‘एनएच-एल-९-आय’ हा कूलर काढला. त्यांत हीट-पाईप दोन आणि पंखा १४ मिलिमीटर जाडीचा. जर्मनींत आंखलेल्या ‘डॅन ए-४’ या पेटीचें पोट सुमारें ७ लिटरचें, म्हणजे एका लहान कळशीएवढें, आणि कूलरला उंची ४८ मिलिमीटर. या दोन-तीन आंकड्यांतच लहान कूलरची सारी ओढाताण आहे: उंची दहा मिलिमीटर वाढली कीं पत्रे अधिक बसतात, एखादी नळी वाढते, पंखा हळू फिरूनहि भागतें.

तेव्हां पहिला प्रश्न कूलरचा नव्हे, प्रोसेसरचा. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलें असतें. त्यावर विसंबूं नये. एएमडीचे त्या वर्गांतले पुष्कळ प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत घेतात. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून दोन आंकडे छापलेले मिळतात, हें बरें झालें: कोअर आय-५ १२४०० ला ६५ आणि ११७, कोअर आय-७ १२७०० ला ६५ आणि १८०. सदतीस मिलिमीटरच्या कूलरकडून महाडच्या उन्हाळ्यांत १८० वॅटची अपेक्षा करणें म्हणजे खेचराच्या पाठीवर हत्तीचें ओझें. सुदैवानें बायोसमध्यें विजेची मर्यादा बांधून देतां येते, आणि मर्यादा निम्मी केली तरी वेग निम्मा होत नाहीं. शेवटचा थोडासा वेग मिळविण्यासाठींच प्रोसेसर सर्वांत अधिक वीज खातो. हिशेब, टंकलेखन, चित्रपट पाहणें यांसाठीं ६५ वॅटवर बांधलेलें यंत्र पुरून उरतें. ज्याला चलच्चित्रांचें संपादन करावयाचें आहे त्यानें मोठी पेटी घ्यावी आणि ती वरच्या मजल्यावरच ठेवावी.

उंची मोजतांना प्रोसेसरच्या माथ्यापासून पेटीच्या झांकणापर्यंत मोजावें, आणि कूलरची उंची पंख्यासकट धरावी. प्रोसेसर इंटेलचा कीं एएमडीचा, त्याप्रमाणें कूलरच्या खालची बैठक बदलते, तीहि विचारून घ्यावी. स्मृतीच्या पट्ट्या उंच असल्या तर रुंद कूलर त्यांना अडतो.

याहून मोठी गोष्ट हवेच्या वाटेची. कोंकणांतील कौलारू घरांत चुलीचा धूर आढ्याजवळच्या फटींतून जातो. ती फट बुजवून खालीं कितीहि वारा घातला तरी धूर घरांतच फिरतो. लहान पेटीचें तसेंच. बसक्या कूलरचा पंखा बहुधा वरून हवा ओढून खालीं मदरबोर्डवर सोडतो. त्यानें आसपासचे भागहि निवतात, हा फायदा. पण झांकणाला जाळी नसेल तर पंखा गुदमरतो, आणि जाळी असून पंखा तिच्यापासून दूर असेल तर तो बाहेरच्या ताज्या हवेऐवजीं स्वतःचीच तापलेली हवा पुन्हां ओढतो. पंखा आणि जाळी यांमध्यें फोमचें एक कडें बसविलें म्हणजे ती फट बुजते. या क्षुल्लक वस्तूनें पुष्कळदां महाग कूलरपेक्षां अधिक काम होतें. पाण्याचा पंप असलेले कूलर लहान पेटींत घालण्याची टूमहि निघाली आहे. परंतु पंप बिघडला तर तो दुरुस्त करून देणारा तालुक्याच्या गांवीं मिळणें कठीण, आणि पंखा मात्र कोणत्याहि दुकानदाराला बदलतां येतो.

दमट हवेनें आंत दंव धरेल अशी भीति कित्येकांना वाटते. वाऱ्यावर निवणारें यंत्र खोलीपेक्षां थंड कधींच होत नाहीं, म्हणून चालत्या यंत्रांत दंव धरत नाहीं. आठवडेच्या आठवडे बंद ठेवलेल्या यंत्रावर मात्र पावसाळ्यांत ओल बसते. तें रोज घटकाभर सुरू करावें. धुळीचें वेगळें. रस्त्याच्या व तांबड्या मातीच्या धुळीचा थर बारीक पत्र्यांमध्यें बसला कीं दोन वर्षांत नवा कूलर जुन्याहून वाईट होतो, आणि पंखा करकरूं लागेपर्यंत कोणी झांकण उघडीत नाहीं. शिमगा झाला, ऊन तापावयाच्या आधीं, वीज काढून मऊ कुंचल्यानें पत्रे झाडावे. पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें, म्हणजे तें वाऱ्यानें भरमसाट फिरत नाहीं.