नाव राहिले, पडदा गेला

दिवाळीची सुट्टी लागण्याआधीच्या आठवड्यात मुलांना अभ्यास नको असतो आणि, खरे सांगायचे तर, मास्तरांनाही नको असतो. दर वर्षी त्या आठवड्यात मी सातवीचा वर्ग घेऊन गिरगावात फिरायला निघतो. आमच्या पुस्तकातला इतिहास म्हणजे गड, तह आणि सनावळ्या. त्यात चुकूनही न सापडणारा एक इतिहास शाळेपासून पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेवर पडलेला आहे, तो मी मुलांना दाखवतो. दाखवतो म्हणजे काय, दाखवण्यासारखे बहुतेक ठिकाणी काही उरलेलेच नाही. एखाद्या दुकानासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "इथे होते."

सुरुवात सँडहर्स्ट रोडवर होते. आता त्याला सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतात. 1911 सालच्या ईस्टरच्या दिवसांत याच रस्त्यावरच्या 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस' नावाच्या तंबूत धुंडिराज गोविंद फाळके नावाचे एक गृहस्थ ख्रिस्ताच्या जीवनावरचे चित्र पाहायला बसले. पडद्यावर ख्रिस्त आणि डोळ्यांसमोर राम-कृष्ण, अशी त्यांची अवस्था झाली. पुढे दोन वर्षांत त्यांनी डोळ्यांचे आजारपण सोसले, विमा गहाण टाकला, विलायतेची वारी केली. आणि 3 मे 1913 रोजी त्याच सँडहर्स्ट रोडवरच्या 'कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ'मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. चित्राच्या जोडीला नाच होता, विनोदी नक्कल होती आणि पायांनी कसरत करणारा एक गडीही होता. नुसत्या हरिश्चंद्रावर लोक येतील याची मालकाला खात्री नसावी! लोक आले, आणि चित्र तेवीस दिवस चालले. चार दिवसांत चित्र बदलण्याचा तो काळ, त्या हिशेबाने हे नवलच होते.

कॉरोनेशन आज नाही. तंबू तर कधीच उठला.

तेथून आम्ही गिरगाव चर्चच्या बाजूला वळतो. तिथे मॅजेस्टिक होते. 14 मार्च 1931 रोजी आर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' तिथे लागला आणि हिंदुस्थानचा पडदा प्रथम बोलू लागला. इराणींचा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना लागून होता. दिवसा गाड्यांच्या खडखडाटात संवाद कुठला टिपता येणार! म्हणून रात्री गाड्या थांबल्या की मंडळी कामाला लागत. पहिल्या खेळाला एवढी झुंबड उडाली की पोलीस बोलवावे लागले, आणि चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना गेले असे सांगतात. त्या चित्राची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ज्या चित्रगृहात ते लागले तेही नाही. तिथे मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर उभे आहे. नाव राहिले, पडदा गेला.

या वर्षी एका मुलीने विचारले, "सर, मग पडदा नक्की कुठल्या दुकानाच्या जागी होता?"

मला सांगता आले नाही. इतकी वर्षे मुलांना तिथे उभे करतो आहे, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. घरी आल्यावर अण्णांना विचारले. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्म गिरगावातल्या चाळीतला, आणि उमेदीचा सगळा काळ जवळच्याच एका छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलेला. डोळे मिटून ते म्हणाले, "आत शिरलास की समोर. पण हल्ली आत शिरायचं कुठनं?"

अण्णांकडे चित्रगृहांचा हिशेब असा पायांनी आणि नाकाने ठेवलेला आहे. कुठे पंखा नेमका कोणत्या रांगेवर होता, मध्यंतरात खारे दाणे कुणाचे चांगले, हे त्यांना आजही पाठ आहे. माझ्या आजीचे तेच. 1936 च्या डिसेंबरात प्रभातचा 'संत तुकाराम' मुंबईत सेंट्रल सिनेमात लागला आणि सत्तावन्न आठवडे हलला नाही. पुढे व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आजीला व्हेनिस ठाऊक नव्हते. कोकणातून नवी नवरी म्हणून आलेल्या तिला आठवत होते ते एवढेच, की आत जाताना बायकांनी वहाणा दारात काढल्या आणि तुकोबांचे विमान वर जाताना शेजारच्या अनोळखी बाईने तिचा हात घट्ट धरला. दोन खोल्यांत दहा माणसे राहणाऱ्या चाळीतल्या बाईला अंधारात तीन तास निवांत बसायला मिळे, रडायचे तर रडता येई, ही काही लहान गोष्ट नव्हती. चित्रगृह म्हणजे चैनीची जागा, असे ज्यांना वाटते त्यांना चाळ ठाऊक नसावी.

फेरीचा शेवट ऑपेरा हाऊसशी. ही एक वास्तू मात्र बोटाने दाखवता येते. कलकत्त्याचे मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या व्यापारातले जहांगीर फ्रामजी कराका या दोघांच्या डोक्यातून ती निघाली. काम पुरे होण्याआधीच, 1911 साली, बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झाले. संगमरवर, सोनेरी नक्षी, मोठमोठी झुंबरे! पण साहेबाचा ऑपेरा साहेबापुरताच. त्याच रंगमंचावर पुढे बालगंधर्व गायले, मास्टर दीनानाथ गायले. पृथ्वीराज कपूर इथे आपली नाटके करीत आणि खेळ संपल्यावर दारात झोळी पसरून उभे राहत. पैसे स्वतःसाठी नव्हेत, गरजवंतांसाठी. 1935 च्या सुमारास जागेचे रीतसर चित्रगृह झाले. 1952 साली गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतले.

अण्णांचे ऑपेरा हाऊस ते हे, चित्रगृह झालेले. रविवारचा खेळ, स्वस्तातली बाके, छतावरच्या झुंबरांकडे बघत इंटरव्हल काढायचा. मीही लहानपणी त्यांच्याबरोबर एकदा तिथे गेलो होतो. चित्र विसरलो, जिन्याचा कठडा आठवतो. 1972 साली मुंबईत दूरदर्शन आले, आठवड्याचा सिनेमा घरात फुकट दिसू लागला. मागून व्हिडिओ आला. करमणूक कर डोक्यावर होताच. 1993 साली ऑपेरा हाऊस बंद पडले. मी तेव्हा शाळेत होतो. बस थांबली की कंडक्टर "ऑपेरा हाऊस!" म्हणून ओरडे आणि उतरणाऱ्यांपैकी एकही माणूस त्या दाराकडे वळत नसे.

तेवीस वर्षे ते दार बंद होते. मॅजेस्टिक गेले आणि हे वाचले, याचे कारण गिरगावकरांची जागरूकता असे मोठ्या अभिमानाने लिहायला मला आवडले असते. पण ते खरे नाही. मालक संस्थानिक होते, त्यांना थांबणे परवडले. बाकीच्यांना परवडत नव्हते. 2012 साली जागतिक स्मारक निधीने धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत त्याचे नाव घातले. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी जुनी छायाचित्रे धुंडाळून, हरवलेले नक्षीकाम आणि रंगीत काचा पुन्हा घडवून ते उभे केले. 2016 च्या ऑक्टोबरात दार उघडले, मुंबईच्या चित्रपट महोत्सवाचा आरंभ तिथेच झाला, आणि पुढच्या वर्षी युनेस्कोने त्या कामाचा सन्मान केला. काम अव्वल झाले आहे. कुणीही पाहून यावे.

मी अण्णांना एका गाण्याच्या कार्यक्रमाला घेऊन गेलो. तिकिटाची किंमत त्यांना सांगितली नाही. आत शिरल्यावर ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "फार छान केलंय रे. पण हे आमचं नव्हे."

मला प्रथम रागच आला. म्हातारपणी माणसाला काही पसंत पडत नाही, असेही मनात आले. नंतर लक्षात आले की अण्णा बरोबर बोलले होते. जुनी वास्तू दुरुस्त करायची तर तिचा कोणता काळ परत आणायचा, हे आधी ठरवावे लागते. इथे 1911 परत आणला. पंचम जॉर्जचे ऑपेरा हाऊस उभे राहिले, आणि मधल्या साठ वर्षांचे अण्णांचे चित्रगृह खरवडून निघाले. यात वास्तुविशारदाचा दोष नाही. स्वस्तातली बाके जतन करा, असे कुणी त्यांना सांगायला गेले नव्हते. गेले असते तरी बाके राहिली असती की नाही, कोण जाणे. पण बाकांवरची माणसे परत आणता येतात, असे मला वाटते. महिन्यातून एका सकाळी तिथे जुने मराठी चित्र लावावे, आसपासच्या शाळांतल्या मुलांना आणि चाळींतल्या म्हाताऱ्यांना परवडेल असे तिकीट ठेवावे. मेट्रोसाठी आणि टॉवरसाठी चाळी पडल्या, माणसे विरार-बदलापूरला गेली, तरी मागे राहिलेली अजून पुष्कळ आहेत. झुंबरांखाली ती बसली म्हणून झुंबरांचे काही बिघडणार नाही.

एवढे मनात ठेवून मी व्यवस्थापकांना एक अर्ज लिहिला आणि वर्गात वाचून दाखवला. पहिले चित्र म्हणून 'संत तुकाराम' सुचवला आहे. अर्जाखाली अण्णांची सही पहिली, मग त्रेचाळीस मुलांच्या. सुट्टी संपली की नेऊन देणार आहे. परवा सह्या नीट आहेत ना हे पाहत होतो, तेव्हा शेवटच्या सहीखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेले दिसले : "आत खारे दाणे न्यायला चालतील का?" अक्षर त्या पडद्याची जागा विचारणाऱ्या मुलीचे होते. मी ते खोडले नाही.