मुंबई ते सुएझ: समुद्राखालची जुनी वाट

इंटरनेट कुठून येतं असं विचारलं, की बरेचजण आकाशाकडे बोट दाखवतात. प्रत्यक्षात देशांमधली बहुतेक सगळी माहिती समुद्राच्या तळावरच्या केबलमधून जाते. आणि आपली ही वाट दीडशे वर्षं जुनी आहे.

१८५७ च्या उठावाची बातमी लंडनला पोहोचायला कित्येक आठवडे लागले. अशी दिरंगाई इंग्रज सरकारला परवडणारी नव्हती. १८६५ पर्यंत इराणच्या आखातातून तार जोडली गेली. पण पुढे ती तुर्कांच्या मुलखातून जमिनीवरून जायची. संदेश वाटेत रखडायचे, मजकूर बिघडायचा.

म्हणून १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' हे अवाढव्य जहाज मुंबईला आलं आणि इथून एडनच्या दिशेनं तार टाकत गेलं. पुढे तांबडा समुद्र, सुएझ, भूमध्य समुद्र आणि इंग्लंड. तांब्याच्या तारेवर गटापर्चा या झाडाच्या चिकाचं वेष्टण होतं.

आज तांब्याच्या जागी काचेचे धागे आले; युरोपकडे जाणारी मुख्य वाट मात्र तीच राहिली. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि भारताची बाहेरची जोडणी जवळपास अर्ध्यावर आली. तेव्हा पूर्वेकडच्या केबलनी भार उचलला.

साम्राज्यानं स्वतःच्या सोयीसाठी आखलेल्या चिंचोळ्या वाटेवर आपण अजून किती विसंबायचं, हा प्रश्न म्हणूनच आजचा आहे.