वरातीमागून घोडे

फिलिपिन्समधल्या हुकूमशहा मार्कोसविरुद्धच्या १९८६च्या उठावाचा विषय निघाला की जाणकार मंडळींचे एक वाक्य ठरलेले असते : “लोकशक्ती वगैरे ठीक आहे हो, मार्कोसला उचलले ते अमेरिकेनेच.” हे वाक्य सोपे आहे आणि बोलणाऱ्याला आतल्या गोटातला ठरवते. ते खरे मात्र नाही.

पूर्वपक्ष पोकळ नाही, म्हणून आधी तो पुरता मांडतो. क्लार्क आणि सुबिक हे अमेरिकेचे दोन प्रचंड तळ त्या देशात होते. बंडखोरांच्या हेलिकॉप्टरांना क्लार्कवर इंधन मिळाले. २५ फेब्रुवारीच्या पहाटे मार्कोसने अमेरिकी सिनेटर पॉल लॅक्झॉल्टना फोनवर सल्ला विचारला. आता सगळे सोडा आणि निघा, असे उत्तर मिळाले. त्याच रात्री अमेरिकी हेलिकॉप्टरांनी त्याला मालाकान्यांग राजवाड्यातून हलवले आणि पुढे तो हवाईला पोहोचला. शिवाय ठिणगी पडली ती संरक्षणमंत्री एन्रिले आणि उपलष्करप्रमुख फिडेल रामोस यांच्या बंडातून. मग यात लोक कुठे आले?

आता तारखा पाहू.

१९७२ साली मार्कोसने लष्करी कायदा पुकारला. वॉशिंग्टनची मदत थांबली नाही. १९८१ साली उपराष्ट्राध्यक्ष बुश मॅनिलात आले आणि मेजवानीत त्यांनी मार्कोसच्या लोकशाहीनिष्ठेची तारीफ केली. ऑगस्ट १९८३ मध्ये विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो मायदेशी परतले आणि विमानातून उतरताच गोळी घालून मारले गेले. मार्कोस जागेवरच राहिला. ज्याला हटवायचे, त्याला कोणी चौदा वर्षे असे जपते का?

७ फेब्रुवारी १९८६ रोजी मुदतपूर्व निवडणूक झाली. मार्कोससमोर होत्या बेनिग्नो अक्विनोंच्या पत्नी कोराझॉन. ९ तारखेच्या रात्री मॅनिलातल्या सरकारी मतमोजणी केंद्रात संगणकावर बसलेल्या तीसेक कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले की आपण भरतो ते आकडे आणि समोरच्या फलकावर झळकतात ते आकडे जुळत नाहीत. त्यांत बहुतेक तरुण स्त्रिया होत्या. पगार सरकारचा, पहारा सरकारचा, बाहेर हुकूमशाही. त्या उठल्या, पुराव्याच्या डिस्क घेऊन रांगेने बाहेर पडल्या आणि बाक्लारानच्या चर्चमध्ये आश्रयाला गेल्या. याला कुणाच्या दूतावासाची परवानगी लागली नव्हती.

दोन दिवसांनी, ११ तारखेला, राष्ट्राध्यक्ष रेगन पत्रकारांपुढे काय म्हणाले? गैरप्रकार कदाचित दोन्ही बाजूंनी झाले असतील! मतमोजणीच्या खोलीतल्या मुलींना जे दिसले, ते व्हाइट हाउसला दिसले नाही. (मॉस्कोची नजरही याहून बरी नव्हती, सोव्हिएत राजदूताने तर मार्कोसचे विजयाबद्दल अभिनंदनच केले. दोन महासत्तांचे इतके एकमत त्या काळात विरळाच.) फिलिपिनो बिशपांनी निवडणूक खोटी ठरवली ती १४ तारखेच्या सुमारास. १६ला लुनेटा मैदानातल्या अफाट सभेत कोराझॉन अक्विनो यांनी मार्कोसच्या बगलबच्च्यांच्या बँका आणि मालावर बहिष्कार पुकारला. अमेरिकी सिनेटने गैरप्रकारांचा ठराव ८५ विरुद्ध ९ मतांनी संमत केला तो १९ला. प्रत्येक वेळी मॅनिला पुढे, वॉशिंग्टन मागे. यालाच आपण वरातीमागून घोडे म्हणतो.

राहिला सैन्याचा मुद्दा. २२ तारखेला एन्रिले आणि रामोस छावणीत शिरले ते आपला कट फुटल्यामुळे, जीव वाचवायला. सोबत मूठभर सैनिक होते. त्या रात्री कार्डिनल सिन यांनी ‘रेडिओ व्हेरिटास’वरून हाक दिली आणि एद्सा रस्त्यावर लाखोंचा समुदाय लोटला. दुसऱ्या दिवशी मरीनांचे रणगाडे आले. समोर जपमाळा घेऊन गुडघे टेकलेल्या नन्स, फुले आणि सँडविच पुढे करणारे लोक. रणगाडे थांबले. २४ला एका मरीन कर्नलला बंडखोरांच्या छावणीवर तोफा डागण्याचा हुकूम झाला. तोफा अजून मांडतोय, असे सांगत त्याने वेळ काढला. सैन्याने लोकांना वाचवले, की लोकांनी सैन्याला? वाचकांनीच निवाडा करावा.

आणि तो सुप्रसिद्ध फोन? लॅक्झॉल्ट बोलले तेव्हा मॅनिलात पहाट होती. फोनने राज्य गेले असेल, तर त्याच दुपारी मार्कोसने राजवाड्यात राष्ट्राध्यक्षपदाची शपथ कशी घेतली? त्या सोहळ्याचे प्रक्षेपण मध्येच बंद पडले, कारण दूरदर्शन केंद्रही हातचे गेले होते. तो निघाला रात्री नऊच्या सुमारास, पायाखाली काहीच उरले नाही तेव्हा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. फांदी अडीच आठवडे करवतली जात होती, हे कावळ्याच्या भाटांना आठवत नाही.

हेलिकॉप्टरे आली नसती तर ती रात्र कदाचित रक्तरंजित झाली असती, हे मला मान्य आहे. पण पडलेल्याला गाडी पाठवणे वेगळे आणि त्याला पाडणे वेगळे.

अमेरिकेने राज्य बदलले असे मानणाऱ्यांनी एका मतदानाचा हिशेब द्यावा. मार्कोसच्या लष्करी कायद्याने बंद पाडलेले सिनेट १९८७च्या राज्यघटनेने परत आणले. त्याच सिनेटने १६ सप्टेंबर १९९१ रोजी सुबिक तळाचा नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. खुद्द राष्ट्राध्यक्ष अक्विनो कराराच्या बाजूने होत्या, तरीही. २४ नोव्हेंबर १९९२ रोजी सुबिकवरचा अमेरिकी झेंडा उतरला.